अक्षर दोनदा दिसतंय? डाय दुहेरी आहे की प्रेस ढिली, आधी ते बघा

गेल्या आठवड्यात तीन फोटो आले. एक विश्रामबागेतल्या कॉलेजच्या पोराचा, एक मिरजेच्या वहिनींचा, एक मार्केट यार्डातल्या हमालाचा. नाणी तिन्ही वेगळी, प्रश्न तोच. "मामा, अक्षरं डबल दिसत्यात. डबल डाय हाय न्हवं? कितीला जाईल?" तिघांनाही मी एकच उत्तर दिलं: दोन रुपयाचं नाणं आहे, दोन रुपयाला जाईल.

पोरगं रुसलं. त्याचं म्हणणं, तुम्ही नीट बघितलंच नाही. बघितलं होतं. पण नुसतं "नाही" म्हणून भागत नाही, "का नाही" तेही सांगावं लागतं आणि फोनवर ते सांगताना माझी दमछाक होते. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पुढे सरकवीन.

माझा धंदा सांगतो, म्हणजे मी नाण्याकडे असा का बघतो ते कळेल. कुपवाड एमआयडीसीत टूलरूममध्ये तीस वर्षं प्रेसच्या डाया केल्या, म्हणजे दाबयंत्रात बसवून पत्र्याला आकार देणारे पोलादी ठसे. वायसर, ब्रॅकेट, पत्र्याच्या टोप्या, काय म्हणाल ते. नाण्यांचा नाद रिटायर झाल्यावर लागला. त्यामुळे नाणं हातात आलं की मला आधी प्रेसवरून पडलेला जॉब दिसतो, पैसा नंतर. आणि जॉबवर खोट निघाली की टूलरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला: खोट डायमध्ये आहे की प्रेसमध्ये?

ग्रामपंचायतीतला रबरी शिक्का डोळ्यांपुढे आणा. दाखल्यावर शिक्का मारताना शिपायाचा हात हलला तर 'सरपंच' हा शब्द दोनदा उमटतो. पुढच्या दाखल्यावर हात हलला नाही, तर स्वच्छ उमटतो. आता समजा शिक्का करणाऱ्यानंच रबरात अक्षरं दोनदा कोरली. मग शिपाई कितीही जपून मारू दे, गावातल्या प्रत्येक दाखल्यावर सरपंच दोन. हात हलला ते मशिन डबलिंग. शिक्काच दुहेरी कोरला गेला ती डबल डाय. नाणं जमवणारे पैसे मोजतात ते दुसऱ्यासाठी.

डाय मुळात दुहेरी होते कशी

टांकसाळीत प्रत्येक डाय हातानं कोरत बसत नाहीत. चित्र आणि अक्षरं उठावदार असलेला एक पोलादी ठसा असतो, त्याला हब म्हणतात. हा हब नरम पोलादाच्या ठोकळ्यात प्रचंड दाबानं घुसवायचा, की तिथे उलटी, खोलगट छाप पडते. ती झाली डाय. पूर्वी एका दाबात पुरी खोली मिळत नसे. पहिल्या दाबानं पोलाद ताठरायचं, मग ते भट्टीत तापवून पुन्हा नरम करायचं आणि परत हबखाली धरायचं. दुसऱ्या खेपेला डाय मूळ जागेपासून केसभर जरी फिरलेली असली, तरी आधीच्या अक्षरांना लागून दुसरी अक्षरं बसतात. ही डाय प्रेसवर चढली की तिच्याखालून निघणारं पहिलं नाणं दुहेरी, शेवटचंही दुहेरी, आणि दोन्हींवर दुहेरीपणा त्याच जागी, त्याच दिशेला, तेवढाच.

या सगळ्या वेडाचं मूळ अमेरिकेत आहे. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत लिंकनच्या एक सेंटची अशी एक डाय प्रेसवर गेली. साल, 'लिबर्टी' हा शब्द आणि वरचं 'इन गॉड वी ट्रस्ट' नुसत्या डोळ्यांना दोन दिसावं इतकं सरकलेलं. चूक ध्यानात येईपर्यंत ती नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती. सगळा ढीग वितळवण्यापेक्षा जाऊ द्या म्हणून सोडली. बाहेर पडलेल्यांचा अंदाज वीस ते चोवीस हजारांचा सांगतात. त्या वेळी सिगारेटच्या यंत्रात पाव डॉलर टाकला की उरलेले सुटे सेंट पाकिटावरच्या चकचकीत कागदात घालून मिळत, त्यातून बरीच लोकांच्या हाती आली. आज त्या एका सेंटला हजार डॉलरच्या पुढे भाव आहे. विश्रामबागेतल्या पोराच्या डोळ्यांसमोर हाच सेंट होता.

पण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतही डाया एकाच दाबात होऊ लागल्या. दुसरा दाबच नाही, तर १९५५ सारखं ठळक सरकणं येणार कुठून? दाब सुरू होताना डाय किंचित तिरकी बसली तर मधल्या भागात बारीकसा दुहेरीपणा येतो, तेवढंच. त्यामुळे नव्याकोऱ्या नाण्यावर काठाची अक्षरं ठळक दोन दिसली, की मला आनंदाआधी प्रेसची शंका येते.

प्रेस ढिली झाली की काय होतं

आताच्या प्रेस मिनिटाला सातशेहून जास्त नाणी पाडतात. त्या वेगात डाय होल्डरमध्ये गच्च बसलेली हवी. जराही प्ले, म्हणजे ढिलेपणा आला, की ठोका पडून डाय उचलली जाताना थरथरते किंवा बाजूला सरकते. नाण्यावर नुकतीच उठलेली अक्षरं त्या क्षणी अजून डायच्या खाचेतच असतात. डाय सरकली की अक्षराची एक कड चेपून खाली बसते. तुम्हाला जे 'दुसरं अक्षर' दिसतं ते नवं अक्षर नव्हे, जुन्याच अक्षराची चेपलेली कड आहे.

म्हणून माझी पहिली कसोटी एवढीच: अक्षर जाड झालंय की बारीक? डबल डाय अक्षरात भर घालते. मशिन डबलिंग अक्षरातून खाते.

मिरजेच्या वहिनी नाणं घेऊन घरीच आल्या, तेव्हा ते नीट बघता आलं. दोन बोटांची मुद्रा असलेलं स्टीलचं दोन रुपयाचं नाणं. 'भारत' मधल्या प्रत्येक अक्षराला उजवीकडे सावली. दहापट भिंगाखाली धरलं. 'भा' च्या कान्याला उजव्या अंगाला पायरी होती, दाराच्या उंबऱ्यासारखी सपाट आणि नाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकलेली. प्रकाश तिरपा केला की तिचा एकच पट्टा लखकन चमकायचा. गोलाई नाही, उंची नाही. मग माझ्या डब्यातलं त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं साधं नाणं शेजारी ठेवलं. साध्या नाण्यावरचा काना अंगानं भरलेला, वहिनींच्या नाण्यावरचा मूळ काना त्याहून बारीक. काना आणि पायरी मिळून जेवढी रुंदी होत होती, तेवढी साध्या नाण्यावर एकट्या कान्याची होती. म्हणजे नवीन काही आलेलं नाही, होतं त्यातलंच चेपलंय. वहिनींनी स्वतः भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, हे तर दाबलंय की!" तीस सेकंदांत त्यांना पटलं. पोराला फोटोवरून अर्धा तास पटलं नव्हतं.

'त्याच टांकसाळीचं' हे शब्द मुद्दाम लिहिलेत. सालाखाली हिऱ्यासारखी खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालातसुद्धा टांकसाळीगणिक अक्षरांच्या जाडीत आणि आकारात फरक सापडतो. कोलकात्याच्या नाण्याशी हैदराबादचं ताडून "बघा, हे जाड आहे" म्हणणारे पुष्कळ भेटलेत.

खरं दुहेरीपण कसं दिसतं ते हातात नमुना असल्याशिवाय कळत नाही. भाचा अमेरिकेतून येताना मी त्याच्याकडून १९९५ चा डबल डाय सेंट मागवला. हा त्यातल्या त्यात सहज मिळणारा आणि खिशाला परवडणारा नमुना. त्याच्या 'लिबर्टी' वर भिंग धरलं की फरक कुणालाही दिसतो. अक्षरांच्या टोकांना माशाच्या शेपटीसारखी फट पडलेली असते, आणि फटीच्या दोन्ही बाजूंचा भाग सारखाच उंच, सारखाच गोलसर. दोन अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी. इंग्रजी अक्षरांच्या टोकांना आडवे पाय असतात, तिथे ही फट शोधतात. देवनागरीत तेच काम शिरोरेषेचं टोक करतं, आणि काना जिथे शिरोरेषेला मिळतो तो कोपरा. आपल्या नाण्यांवर मी आधी तिथेच बघतो. 'सत्यमेव जयते' ची अक्षरं बारीक, त्यात लोक दुहेरीपणा शोधत बसतात आणि फसतात. मोठी अक्षरं आणि सालाचे आकडे बघा. नऊ किंवा आठच्या पोटातल्या भोकात दुसरी गोल कड उठलेली दिसली, तर मग खुर्ची पुढे ओढून बसायला हरकत नाही.

प्रकाशाचंही सांगतो, कारण अर्धे फोटो तिथेच बाद होतात. खोलीत दोन ट्यूब असल्या की प्रत्येक अक्षराच्या दोन सावल्या पडतात आणि मोबाइल त्या इमानानं टिपतो. एकच दिवा ठेवा, तोही बाजूनं, तिरपा. मग दिवा आणि भिंग जागेवर ठेवून नाणं सावकाश गोल फिरवा. 'दुसरं अक्षर' नाण्याबरोबर फिरलं तर ते नाण्यावर आहे. दिव्याच्या बाजूलाच चिकटून राहिलं तर ती सावली. भिंग दहापट पुरे, सराफ वापरतात तसलं. दोनशेपट दाखवणारे मायक्रोस्कोप हल्ली स्वस्तात मिळतात, पण त्याखाली घातलं की अख्ख्या टांकसाळीचा माल डबल डाय वाटायला लागतो. दहापटीत जे दिसत नाही त्याला सहसा गिऱ्हाईक नसतं.

जिथे माझी कसोटी मलाच घेऊन बुडाली

जाड की बारीक ही कसोटी मशिन डबलिंग बाजूला काढते. पण 'जाड' म्हटलं की डबल डाय, असं मी दोन वर्षं समजत होतो. गणपती पेठेतल्या एका किराणा दुकानदाराकडून मी सुट्ट्यांच्या पिशव्या घेतो, नोटा देऊन. एका पिशवीत स्टीलचं एक रुपयाचं नाणं निघालं, अक्षरं चांगली फुगलेली, सालाच्या आकड्यांना बाहेरून दुसरी कड. रुंदी मोजली, साध्या नाण्यापेक्षा स्पष्ट जास्त. मी चहा सांगितला, चार जणांना बोलावलं, नाणं हातोहात फिरलं. पुण्याच्या एका जाणकारांना फोटोही पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं: "आणखी शोधा, याच डायची."

याच डायची म्हणजे कशी ओळखायची? नाण्यावर काठापासून एका अक्षराकडे जाणारी केसासारखी उंच रेघ होती. तो डायचा तडा. डायला चीर गेली की ठोक्याच्या वेळी धातू त्या चिरेत शिरतो आणि नाण्यावर उठलेली रेघ येते. चीर डायगणिक वेगळी, म्हणून ती ओळखपत्रासारखी वापरता येते. मी पुढचे तीन महिने त्याच दुकानदाराच्या पिशव्या चाळल्या आणि त्याच जागी तीच रेघ असलेली आणखी चार नाणी मिळाली. पाचही टेबलावर ओळीनं लावली, रेघेच्या लांबीप्रमाणे. चीर वाढत जाते, आखूड होत नाही. म्हणजे आखूड रेघेचं नाणं आधी पडलेलं, लांब रेघेचं नंतर.

सगळ्यात आखूड रेघेच्या नाण्यावर अक्षरं स्वच्छ. दुसऱ्यावर किंचित फुगीर. तिसऱ्या-चौथ्यावर कडा पसरट. माझं लाडकं नाणं रांगेत शेवटचं, सगळ्यात लांब रेघेचं आणि सगळ्यात जाड अक्षरांचं.

डाय जन्मतः दुहेरी असती तर पहिल्या नाण्यावरही दुहेरीपण तेवढंच दिसलं असतं. इथे ते वयाबरोबर वाढत गेलं होतं. हे डायचं म्हातारपण. लाखो ठोके खाऊन डायमधल्या अक्षरांच्या कडा धातूच्या घसटीनं झिजतात, खाच रुंद होते, आणि नाण्यावरचं अक्षर फुगून पसरतं. तीस वर्षं झिजलेल्या डाया ग्राइंडिंगला पाठवणारा माणूस मी. आणि मलाच ते ओळखू आलं नाही, कारण मला डबल डाय हवी होती.

आता मी आधी मोकळ्या पृष्ठभागाकडे बघतो. म्हाताऱ्या डायच्या नाण्यावर काठाजवळचा भाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत असतो, किंवा मधून काठाकडे ओढल्यासारख्या बारीक रेघा असतात. अक्षरांना फट नसते, धूसर साय धरल्यासारखी कड असते, आणि बरेचदा काठाकडच्या बाजूला ती जास्त. खऱ्या डबल डायला चिमटीत धरता येईल अशी कड असते. दुहेरीपणा असलेला पण फट न पडलेला, नुसताच जाडावलेला एक प्रकार खऱ्या डबल डायमध्येही मोडतो. तो नुसत्या डोळ्यांनी आणि भिंगानं ठरवायच्या फंदात मी पडत नाही. तिथे एकाच डायची लवकर आणि उशिरा पडलेली नाणी शेजारी असल्याशिवाय बोलू नये.

अमेरिकेतही लोक याच खड्ड्यात पडलेत. १९५५ च्याच सेंटचा एक दुसरा प्रकार आहे, त्यात सालातला शेवटचा पाच दुहेरी दिसतो. तो झिजलेल्या डायचा प्रताप. तिकडे त्याला 'गरिबाची डबल डाय' म्हणतात आणि खऱ्याच्या तुलनेत त्याला चिल्लर किंमत आहे.

आपल्याकडे हे इतकं दिसतं त्याला कारण आहे. एक रुपयाचं नाणं १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचं झालं, दोन रुपयाचं २००५ पासून. त्याआधीचं तांबं-निकेल स्टीलच्या मानानं नरम, डायला फार त्रास देत नाही. स्टील डायला उलट मारतं. दाब जास्त लावावा लागतो, डाय लवकर झिजते. (हे स्टील चुंबकाला चिकटतं म्हणून ते नाणं दुर्मिळ, असा एक पाठ सध्या फिरतोय. तसल्या स्टीलचं प्रत्येक नाणं चिकटतं. चिकटायलाच हवं.)

सॅन फ्रान्सिस्कोची एक सोपी खूण

कुणाकडे अमेरिकेची जुनी नाणी असतील तर ही कसोटी फार कामाची. १९६९ चा सॅन फ्रान्सिस्कोचा सेंट, सालाखाली 'एस' असलेला, खऱ्या डबल डायसाठी प्रसिद्ध आहे. गंमत म्हणजे त्याच सालाच्या त्याच टांकसाळीच्या सेंटवर मशिन डबलिंगही भरपूर सापडतं. वेगळं करायचं कसं? त्या काळी टांकसाळीचं अक्षर हबवर नसायचं. डाय तयार झाल्यावर ते वेगळा पंच घेऊन हातानं ठोकत. म्हणजे हब दोनदा बसून डाय दुहेरी झाली, तरी 'एस' एकदाच ठोकलेला असणार. साल दुहेरी आणि 'एस' एकच, तर आशा धरा. सालाबरोबर 'एस' ही त्याच दिशेला तसाच सरकलेला, तर प्रेस ढिली होती, विषय संपला. आपल्या नाण्यांना मात्र ही कसोटी मी लावत नाही.

झीज, हळद आणि महापुराची नाणी

मार्केट यार्डातल्या हमालदादांचं नाणं वेगळ्याच जातीचं निघालं. जुनं तांबं-निकेलचं, अकरा कडांचं दोन रुपयाचं. अक्षरांभोवती पिवळसर काळी दुसरी रेघ, अगदी आखून काढल्यासारखी. मी बघितलं आणि हसू आवरेना. हळदीच्या पेवात आयुष्य काढलेल्या माणसाचा खिसा तो. हळद आणि घाम अक्षराच्या बुडाशी घट्ट बसून तिथे थर झाला होता. कोमट साबणपाण्यात रात्रभर ठेवलं, सकाळी मऊ फडक्यानं टिपलं, दुसरं अक्षर गेलं. दादांना वाईट वाटलं. "धुवायला नको होतं," म्हणाले.

धुवायला हरकत नाही, घासायला आहे. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, काही लावू नका. चुकून नाणं खरंच वेगळं निघालं तर ओरखड्यांनी त्याची किंमत तुम्हीच घालवाल.

साधी झीज ओळखायला सोपी. हातोहात फिरलेलं नाणं आधी सगळ्यात उंच जागी झिजतं. सिंहांचे चेहरे सपाट होतात, अक्षरांचा माथा चपटा होऊन रुंद वाटतो. पण बुडाशी अक्षराची रुंदी तीच असते. भिंगातून माथा न बघता बुड बघा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांच्या डब्यांतली नाणी अजून अधूनमधून माझ्याकडे येतात. दिवसदिवस गाळात राहिल्यानं धातूला बारीक खड्डे पडलेत, आणि अक्षराच्या कडेनं खड्ड्यांची रांग लागली की ती दुसऱ्या कडेसारखी भासते. खऱ्या दुहेरीपणात धातू वर उठलेला असतो, इथे तो खाली गेलेला. टाचणीचं टोक लावायचा मोह होईल, लावू नका. तिरप्या प्रकाशात खड्डा आणि उंचवटा यांची चमकणारी बाजू उलटसुलट असते, तेवढं पुरतं.

साताऱ्याचे एक स्नेही शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, जमवतात. त्यांनी एकदा 'श्री राजा शिव' मधला 'राजा' स्पष्ट दोनदा आलेली शिवराई पुढे ठेवली आणि विचारलं, ही मराठ्यांची डबल डाय म्हणायची का? नाही म्हणायची. शिवराई हातोड्यानं पाडलेली. खालच्या ठशावर तांब्याची चकती, वर दुसरा ठसा, त्यावर घाव. पहिल्या घावानं भागलं नाही तर दुसरा, आणि मधे ठसा किंवा चकती हलली की राजा दोन. तो दुहेरी घाव. ठसे हातानं कोरायचे, तिथे हबच नाही, मग हब दोनदा बसणार कसा? पण ती शिवराई ठेवून घ्या म्हणालो. दोन घावांच्या मधला तो क्षण तांब्यात उतरलेला आहे, मला तरी ती त्या सेंटपेक्षा जास्त आवडली.

पैशांचं थोडक्यात. मशिन डबलिंग, म्हातारी डाय, झीज यांना दर्शनी किमतीच्या वर काही नाही. "तुमच्या नाण्याचे पाच लाख देतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून लोकांकडून कमिशन, टॅक्स उकळला जात होता म्हणून बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं, की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यानं एकवीसशे रुपये भरले. नाणं अजून त्याच्याकडेच आहे, एकवीसशे गेले.

मला फोटो पाठवायचाच असेल तर नाण्याच्या दोन्ही बाजू पूर्ण, एकाच तिरप्या दिव्याखाली. मग संशय आहे त्या अक्षराचा जवळून एक, आणि नाणं अर्धं फिरवून त्याच अक्षराचा दुसरा. शेजारी त्याच सालाचं, त्याच टांकसाळीचं साधं नाणं ठेवलंत तर निम्मं काम तुम्हीच केलंत. बहुतेकांना ते शेजारी ठेवल्यावर उत्तर कळतं आणि फोटो येतच नाही.

माझ्या डब्यात एक स्टीलचं पन्नास पैशांचं नाणं आहे, पाकिटावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलेलं. आकड्याच्या कडेला फट आहे, दोन्ही बाजू गोलसर आहेत, काठ संत्र्याच्या सालीसारखा नाही, रुंदी भरलेली. सगळं बरोबर आहे, फक्त त्याच डायचं दुसरं नाणं मिळत नाही. पन्नास पैसे कायद्यानं अजून चालतात, पण गणपती पेठेत कुणी घेत नाही, त्यामुळे पिशव्यांत येणंच बंद झालंय. कुणाच्या देव्हाऱ्यात, शिवणाच्या डब्यात, जुन्या बटव्यात पन्नास पैशांची स्टीलची नाणी पडून असतील तर विकू नका, घासू नका. मला बघायला द्या, चहा माझ्याकडून.